जुमेरातचं ताट

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या मागल्या गल्लीत मी बारा-तेरा वर्षं राहिलो. समोर लहानशी मशीद. छप्पन साली मी बाबासाहेबांच्या वाटेनं गेलो, धम्म घेतला, घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. मग नगरपालिकेच्या शाळेत मास्तर म्हणून दिग्रसला आलो, तर मला खोली कोणी देईना. पगार चालत होता, मास्तर चालत होता, भाडेकरू चालत नव्हता. शेवटी या गल्लीत खोली मिळाली. पहिल्याच दिवशी मशिदीतले एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "गुरुजी, पाणी आमच्या हिरीचं भरत जा. विचारायचं काही काम नाही." ज्या माणसानं असं पाणी दिलं त्याच्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, आणि मला तसं लिहायचंही नाही.

हे हाफिज करामतुल्ला. सगळं कुराण तोंडपाठ, म्हणून हाफिज. गल्ली त्यांना हाफिजजी म्हणे. नमाज पढवायची, पोरांना अरबी शिकवायची, लग्नं लावायची, मेलेल्यांना पोचवायचं. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा, अताउल्ला, सत्तावन साली मामाच्या मागोमाग कराचीला निघून गेला. हाफिजजींनी जायला नकार दिला. का, असं विचारलं की म्हणायचे, "मी गेलो असतो तर अजान कोण देतं? तुमी?"

"मी तर देवच सोडले," मी म्हणायचो.

"म्हून तर इचारलं. तुमाले टाइम आहे."

त्यांच्या खोलीत चूल नव्हती. मशिदीच्या इमामाला गल्लीतल्या घरांनी पाळीपाळीनं जेवण द्यायचं, याला तिथं बारी म्हणत. ज्याचा वार त्याचं ताट. वार बापाकडून मुलाकडे जाई, सासूकडून सुनेकडे. एकाच्या वाराला दुसऱ्यानं ताट भरलं तर पहिल्याची बारी मोडली असं धरत, आणि बारी मोडणं ही साधी नामुष्की नव्हती. जुमेरात, म्हणजे गुरुवार, हा जैतुनबीचा वार. ती विधवा, जिनिंगात कामाला जाणारी. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी, वर धुतलेलं फडकं. तिचा मुलगा मुनाफ फौजेत होता. तो सुटीवर आला की त्या ताटात एखादेवेळी मटण दिसे, आणि हाफिजजी मला हाक मारत.

दुसरी एक रीत शुक्रवारची. मोठी नमाज झाली की हाफिजजी हात उचलून दुआ मागत आणि त्यात नावं घेत. आधी आजारी माणसं, मग घर सोडून दूर गेलेले मुसाफिर, मग मेलेले. प्रत्येक नावावर लोक आमीन म्हणत. मुसाफिरांत मुनाफचं नाव असे आणि सगळ्यात शेवटी अताउल्लाचं. माझ्या खिडकीतून सगळं ऐकू येई. मुलाचं नाव घेताना त्यांचा आवाज थोडा घाईत निघायचा. आपल्याच ताटात आपण जास्त वाढून घेतोय अशी लाज त्यात असायची.

पासष्टच्या भादव्यात लढाई पेटली. हॉटेलातल्या रेडिओपुढं सारं गाव उभं राहू लागलं, आणि त्या पहिल्याच शुक्रवारी हाफिजजींनी अताउल्लाचं नाव घेतलं नाही. मुनाफचं घेतलं, एक श्वास थांबले आणि मेलेल्यांकडे वळले.

संध्याकाळी मी ओट्यावर गाठलं. "काहून हो?"

त्यांनी आधी गल्लीत कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "माया अता तिकडच्या फौजेत आहे, गुरुजी. ट्रक चालवते. मागच्या साली कळलं. तुमाले सोडून कोणाले सांगतलं नाही."

  

पुढं म्हणाले, "कुराणात एक आयत आहे. जे ईमान घेऊन घर सोडून आले, ते एकमेकायचे वाली. अन् ज्यायनं ईमान ठेवलं पण घर सोडलं नाही, त्यायचं पालकपण तुमच्याकडे नाही, ते येईपर्यंत. दीनच्या, म्हंजे धर्माच्या, कामात त्यायनं मदत मागितली तर द्या. पण ज्या लोकायशी तुमचा करार आहे, त्यायच्या इरोधात नाही." मग म्हणाले, "अता जाताना मीच त्याले समजावून सांगतली होती. तो गेला, मी राह्यलो. त्याचा करार तिकडं, माया इकडं. मतलब बरोबर आहे. पण बापानं वाचायची आयत नाही ती."

गल्लीत तेव्हा हाच विषय होता, पण दबक्या आवाजात. उस्मान मुकादम, जिनिंगातल्या हमालांचा म्होरक्या, मनाचा वाईट नव्हता. पण एकदा बोलला की शब्द मागं घेत नसे. तो म्हणे, मुसलमानानं मुसलमानावर बंदूक उचलायची नाही, मग सरकार कोणतंही असो. उलट बाजारपेठेतली काही मंडळी मशिदीवरून जाताना मुद्दाम खाकरत आणि आतल्यांची देशभक्ती जोखत. जोखणाऱ्यांपैकी एकाचाही पोरगा फौजेत नव्हता. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो, आणि ते माझ्याशी पुन्हा बोलेनासे झाले. तसंही फार बोलत नव्हतेच.

लढाई थांबण्याच्या आदल्या आठवड्यात तार आली. मुनाफ गेला. तिकडंच सरहद्दीजवळ त्याला माती दिली होती. जैतुनबी रडली, थांबली, मग ओढणी सारखी करून तडक मशिदीच्या ओट्यापाशी आली. मी तिथंच बसलेलो होतो. ती कोणाशीही वऱ्हाडीच बोले.

"हाफिजजी, माया पोराची जनाज्याची नमाज पढवा."

"बी, मय्यत समोर नसली तर आपल्यात ती नमाज होत नाही."

"मंग त्याले कोण पोचवलं?"

"जिथं पडला तिथं त्याच्या संगतीच्यायनं पोचवलं असंल. शहिदाले आंघोळही घालत नाहीत. ज्या कपड्यात गेला त्याच कपड्यात जाते."

ती त्या एका शब्दाला चिकटली. "शहीद म्हणता न? मंग शुक्रवारी सगळ्यायसमोर म्हणा. उस्मान म्हणते, तो हराम मौत मेला. माया पोरगा हराम मौत मेला काय?"

एवढंच तिला हवं होतं. पोरगा परत मिळणार नव्हता, माती मिळणार नव्हती. निदान नाव तरी नीट ठिकाणी पडावं.

"म्हणतो," हाफिजजी म्हणाले. ती वळली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "पण त्याच्या आंधी एक ऐकून घे. माया अता तिकडच्या फौजेत आहे. हे तुले माहीत नसताना म्या मुनाफचं नाव घेतलं, तर ते बरं नाही होणार."

मला वाटलं, ती शिवी तरी देईल. ती ओढणी पुढं ओढून निघून गेली. मी त्यांच्यावर उखडलो. "कायले सांगतलं? तिनं पोलिसात सांगतलं म्हणजे?" ते म्हणाले, "सांगू द्या. तिचा हक आहे."

तिनं कोणालाच सांगितलं नाही.

शुक्रवारी नमाजेआधीच्या बयानात हाफिजजी बोलले. त्यांचं बयान उर्दूत असे. मला कळलं तसं सांगतो. म्हणाले, मक्केत मुसलमानांना मारहाण झाली तेव्हा हुकूम होता, सबर करा. मदिन्यात हुकूम आला, ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांना लढायची परवानगी आहे, पण हद्द ओलांडू नका. मग हुदैबियात मक्केवाल्यांशी करार झाला. कराराची शाई वाळली नव्हती तोच अबू जंदल नावाचा तरुण पायात बेड्या घेऊन पळत आला: मी मुसलमान झालो, मला तुमच्यात घ्या. करार करायला आलेला मक्केवाला त्याचाच बाप होता. पैगंबरांचं काळीज तुटलं, तरी करारासाठी त्याला परत पाठवावं लागलं. "किताब एकच आहे," हाफिजजी म्हणाले, "पण ती वाचणारा कुठं उभा आहे, कोणाशी करारात आहे, ते आधी पाहावं लागतं. आपण या मुलखाशी करारात आहोत. मुनाफनं करार पाळला. तो शहीद आहे."

उस्मान उभा राहिला. बयानात मध्ये कोणी बोलत नाही, पण तो बोलला. "गोळी मारणाराही कलमा वाचणाराच होता न? मंग तो कोण?"

मी खिडकीचा गज धरून उभा होतो. तो प्रश्न आत कोणाला लागतोय हे गल्लीत तिघांनाच माहीत होतं.

"कुराण म्हणते," हाफिजजी सावकाश म्हणाले, "ईमानवाल्यांच्या दोन जमाती आपसात लढल्या तर समेट करा. एकीनं ज्यादती केली तर ज्यादती करणाऱ्याशी लढा, ती थांबेपर्यंत. पण उस्मानभाई, त्या आयतीत दोन्ही जमातींना ईमानवालेच म्हटलं आहे. गोळी मारणाऱ्याचा हिशेब माझ्याकडे नाही." त्यांचा आवाज तिथं फाटला. लोकांना वाटलं, मुनाफसाठी.

उस्मानला ते पटलं की नाही कोण जाणे. पण मंगळवारी त्याचं ताट वेळेवर आलं. भांडण वेगळं आणि बारी वेगळी.

आलं नाही ते जुमेरातचं. पहिल्या गुरुवारी वाटलं, दुःखाचं घर आहे. दुसऱ्या गुरुवारीही नाही आलं. मी भाकर घेऊन गेलो तर हाफिजजी म्हणाले, "रोजा आहे आज." जुमेरातचा रोजा पुण्याचा असतो म्हणे. मग दर गुरुवारी रोजा. संध्याकाळी खजुराची एक बी चोखत, पाणी पिऊन निजायचे. गल्लीला वाटलं, हाफिजजी म्हातारपणी फारच धार्मिक झाले. मी एकदा चिडून म्हटलं, "उस्मानच्या घरून मागवतो." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नाही. दुसऱ्यानं भरलं तर तिची बारी मोडंल. तिच्याजवळ आता तेवढंच राह्यलं."

इतका एकटा माणूस मी पाहिलेला नाही. कराचीचं टपाल बंद होतं. मुलगा आहे की नाही माहीत नाही, विचारायचं कोणाला तेही माहीत नाही, आणि ज्या एका बाईला ते दुःख कळलं असतं तीच ओढणी पुढं ओढून मशिदीवरून जायची. मी होतो, पण मी काय? मला मूल ना बाळ.

मला राहवलं नाही. एका रविवारी जैतुनबीच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि गुरुजीगिरी केली. "बी, तो माणूस तुह्यासाठी उपाशी राहून राह्यला."

ती पीठ चाळत होती. "मले माहीत आहे. आंधळी नोहो मी."

"मंग?"

"दर जुमेरातले भाकर थापाले बसतो, गुरुजी. दोन भाकरी होतात अन् हात थांबते. त्याचं पोरगं दिसते, ट्रक चालवून राह्यलेलं. तुमी म्हणसान, नुसता ट्रक. पण त्या ट्रकात काय भाजीपाला होता?"

मी आलो तसा परत गेलो.

रमजान थंडीत आला. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, अलविदा जुम्म्याला, मशीद भरून माणसं गल्लीत बसतात आणि बायाही भिंतीलगत दुआ ऐकायला उभ्या राहतात. त्याच्या आदल्या दिवशी, जुमेरातला, रोजा सोडायच्या वेळी हाफिजजींच्या ओट्यावर ताट आलं. भाकर, अंबाडीची भाजी, चटणी, वर धुतलेलं फडकं. ठेवणारी थांबली नाही. हाफिजजींनी फडकं उचललं, पुन्हा झाकलं, आणि अजान द्यायच्या आत डोळे पुसले. मग मला हाक मारली. आम्ही दोघं जेवलो. भाजीत मीठ जरा जास्त होतं. तरी ताट पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुआ सुरू झाली. आजाऱ्यांची नावं झाली. मुसाफिरांची झाली. ते नेहमीसारखे एक श्वास थांबले आणि मेलेल्यांकडे वळणार, तोच भिंतीलगतून बाईचा आवाज आला. त्या मशिदीत बाईचा आवाज त्याआधी कोणी ऐकला नव्हता.

"हाफिजजी, एक मुसाफिर राह्यला."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"अताउल्ला. हाफिज करामतुल्लाचा पोरगा," जैतुनबी म्हणाली, आणि कोणाची वाट न पाहता स्वतःच म्हणाली, "आमीन."

 मग आतून एक जाडाभरडा आमीन आला, बहुधा उस्मानचा, आणि मग बाकीच्यांचे. हाफिजजींचे हात वर उचललेले होते आणि पुढचं नाव त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर ते ओट्यावर आले. ती चप्पल शोधत होती.

"बी, तो जिता आहे का मेला, मलेच माहीत नाही. तुनं त्याचं नाव कोणात घेतलं?"

"जितायच्यात घेतलं," ती म्हणाली. "मेल्यायच्यात माया आहे न. एक पुरे झाला."

पुढं चार वर्षांनी माझी बदली यवतमाळला झाली. तोवर कराचीहून काहीही कळलं नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही. हाफिजजी खूप थकले होते. दर शुक्रवारी मुसाफिरांच्या शेवटी येऊन थांबत, आणि ते नाव भिंतीपलीकडून जैतुनबी घेत असे.