तिसरी फ्लॉपी

दूध संस्थेचे कारकून दारात आले तेव्हा अशोक सकाळी घरीच विसरून गेलेला डबा माझ्या हातात होता. ते आत आले नाहीत. "ताई, भाऊ गेले… नेवाशाच्या वाटेवर ट्रकनं," एवढंच बोलले.

अशोक माझा धाकटा भाऊ. नगरला शिकून कोल्हारला परत आला आणि मित्राने वापरायला दिलेल्या संगणकावर दोन वर्षं खपून त्याने संस्थेसाठी गाईंच्या लसी, आजारपणाच्या नोंदींचा प्रोग्रॅम केला. घरी तो चालायचा, संस्थेत सुरूच होईना. "लई लाजरा हाय तुमचा प्रोग्रॅम, घर सोडत न्हाई," कारकून म्हणाले. अशोक मान खाली घालून आला. मी चौथी शिकलेली, तरी मला समजेल असं सांगायचा. "ताई, काही फाईली सगळ्याच प्रोग्रॅमांना लागत्यात. आपल्या मशीनवर त्या आधीच हायेत, तिथं न्हाईत. तू डब्यात मिठाची पुडी देतीस ना, तसं आपणच सगळं बांधून द्यायचं." मग त्याने आज्ञांची एक यादी लिहिली. ती चालवली की प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाईली गोळा होऊन पाच फ्लॉप्यांवर बसायच्या. त्या नेल्या आणि संस्थेत प्रोग्रॅम सुरू झाला; फ्लॉप्या त्याने परत घरी आणून ठेवल्या.

खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड पुजताना, त्याची अवजारं हीच म्हणून मी फ्लॉप्यांनाही हळदकुंकू लावलं. तिसरीची पत्र्याची झडप माझ्या बोटाने सरकली, ओलं कुंकू आत गेलं. तो रागावला नाही. "यादी हाय तोवर भ्याव न्हाई. आलो की नवी काढतो," म्हणाला… आणि गेला, तो डबा विसरून.

तेराव्यानंतर मित्र संगणक न्यायला आला. "पुसून टाकनार हाय. आतलं काही ठेवायचं का?" यादी त्यातच होती, मला आठवतही होतं. पण परक्या माणसापुढे तोंड उघडेना. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

गेल्या आठवड्यात संस्थेचा संगणक बिघडला. प्रोग्रॅम पुन्हा बसवायला कारकून आमच्याकडून फ्लॉप्या घेऊन गेले आणि परत आले. "चार चालत्यात, तिसरीवर अडतंय. दुसरीकडं कुठं ठेवलंय का, ताई?"

कुठेच नाही. अशोकच्या हातचं होतं ते सगळं गेलं, माझ्या एका बोटाने आणि एका मानेने.

फ्लॉप्या त्याच्या डब्यात ठेवल्यात. तिसरीवरचा लाल ठसा मी पुसलेला नाही. तळाशी त्या दिवशीची मिठाची पुडी आहे. मीठ पाझरून कागदाला चिकटलंय…