उतेकरकाकांचा बातम्यांचा टॅब

"टॅब कशाला, काका? बातम्याच वाचायच्या तर हातातला फोन पुरे," मी म्हटलं, आणि आमच्या शेठनी माझ्याकडे डोळे वटारले. महाडच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटर सांभाळते. नको ती वस्तू गळ्यात मारली की गिऱ्हाईक भांडायला परत येतं. तेव्हा शेठ नेमके जेवायला गेलेले असतात.

उतेकरकाका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. दुपारच्या गाडीने तिथे एकच पेपर जातो. संध्याकाळी देवळापुढे तो सगळ्यांना वाचून दाखवायचा मान काकांचा. पण हल्ली बारीक अक्षर दिसेना. चष्मा बदलूनही फरक पडला नाही, आणि सांगायची लाज. मग काका मथळा वाचायचे आणि खालची बातमी मनाने रचायचे.

एकदा मथळा होता, कशेडी घाट सुरू. रस्ता कसा गुळगुळीत झालाय तेही काकांनी रंगवून सांगितलं. खाली बारीक छापलं होतं, फक्त लहान गाड्यांसाठी. वाडीतला गणपत बकऱ्यांचा टेम्पो भरून खेडला निघाला आणि बकऱ्यांसकट घाटाखाली अडकून पडला.

"आता मी वाचाय बसलो की गणपत शेजारी बसून पडताळतो," काका म्हणाले. "जन्मभर गाडी चालवली, कुणी शक घेतला नाय माझ्यावर." मला फार वाईट वाटलं.

शेठनी तोवर सगळ्यात महागडा टॅब काढून त्यावर ई-पेपर उघडलाही. ई-पेपर म्हणजे छापील पानाचा फोटोच. अक्षर मोठं केलं की ओळीचं टोक स्क्रीनबाहेर जातं. काका बोटाने पान ढकलत दर ओळीला अडखळले.

मग मी साध्या टॅबवर बातम्यांचं ॲप उघडलं. यात अक्षर मोठं केलं तरी ओळी स्क्रीनमध्येच बसतात. फोनवर तेवढ्या अक्षरात ओळीला जेमतेम दोन शब्द मावत होते, म्हणून माझा सल्ला मी मुकाट्याने मागे घेतला. काकांनी एक बातमी खणखणीत आवाजात शेवटपर्यंत वाचली. दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली.

"वाडीत रेंज आहे का?"

"टाकीपाशी हाय थोडी."

मग टाकीपाशी जाऊन बातम्या सेव्ह करायच्या आणि देवळापुढे बसून वाचायच्या, हे त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. शेठनी महागडा टॅब परत खोक्यात घातला.

पुढे एकदा गणपतच चार्जर घ्यायला आला. काका कसे वाचतात, मी विचारलं.

"एकदम बरोबर, ताई. मी बघायचं सोडलं. पन नुसतं छापलेलं ऐकून लोकं कंटाळली. मग आम्हीच म्हटलं, काका, पयल्यासारखं सांगा. आता बातमी संपली की काका टॅब खाली ठेवतात नि बोलतात, हितनं पुढचं माझं."

डोळे धड असतील तर फोन पुरे, असं मी अजूनही सांगते. चारचौघांना वाचून दाखवायचं असेल तर टॅब घ्यावा. तो खाली कधी ठेवायचा, ते मात्र ज्याचं त्याने शिकावं.