थांबलेल्या काट्याचे आकडे

पावस गावाच्या बाजूला, समुद्रालगतच्या कातळी सड्याच्या अगदी कड्यावर आमची पवनचक्की उभी होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवाकोरा इंजिनिअर, अंगात मस्ती भरपूर. पात्यांवर वाऱ्याचा किती ताण येतो याचं गणित संगणकावर मांडणं, हे माझं काम. त्यासाठी चक्कीपुढे मनोरा उभारून तीन उंचींवर वारा मोजायची यंत्रं बसवली होती. खालच्या खोलीत तबकड्या. त्यांवरचे काटे बघून दर तासाला आकडे वहीत लिहायचे.

हे लिहायला आम्ही गावातले एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, ठेवले होते. गुडघे गेले म्हणून त्यांनी होडी सोडली होती, पण बंदरावर शब्द त्यांचाच चाले. ते 'आज नको' म्हणाले की होड्या सुटत नसत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सायब, काटा एका जागी ऱ्हात नाय. कड्यावरनं वारा उड्या मारीत येतो. कुठला आकडा लिवू?"

मला स्वच्छ वही हवी होती. "काटा थांबला की लिहा," मी सांगून टाकलं.

तांडेल पेन्सिल उचलून काटा थांबायची वाट बघत आणि मगच लिहीत. दीड वर्षाच्या त्या वहीत वाऱ्याचा एकही झोत नव्हता. माझ्या गणितानं निर्वाळा दिला की पात्यांना काही होत नाही. मग एका दुपारी एक पातं मुळाशी चिरलं आणि तुटून सड्यावर पडलं. नशिबानं कुणाला लागलं नाही.

चौकशीला मुंबईहून वरिष्ठ आले. वही चाळून म्हणाले, "कड्यावरचा वारा इतका शहाणा? कुणी लिहिले हे आकडे?"

"मी लिवले," तांडेल म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी बुटांच्या नाड्या बघत राहिलो. त्याच दिवशी त्यांना काढलं.

पुढे कागदावर सतत रेघ ओढणारं यंत्र आलं. त्यातले झोत गणितात घातल्यावर पात्याचं मूळ जिथं चिरलं होतं, नेमका तिथंच ताण दिसला. माझी पाठ थोपटली गेली, आणि मी ती निर्लज्जासारखी थोपटू दिली.

बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा मात्र राहवेना. तांडेलांच्या अंगणात जाऊन मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही स्पष्ट बोललो.

ते जाळ्याची गाठ सोडवत म्हणाले, "तुमी बोलाल म्हणून मी गप ऱ्हायलो. आता होडी सोडताना मला कोण इचारीत नाय. तांडेलाला वारा कळला नाय, म्हणतात."

मला रडू आलं. मी माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ दे. उद्या सकाळी बंदरावर होड्या लागतील, सगळी मानसं असतील. तिथं येऊन येवडाच बोला."

मी "येतो" म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी होड्या लागायच्या वेळेला मी हमरस्त्यावर, हातखंब्याच्या फाट्याला, ट्रंकेवर बसून मुंबईच्या एस.टी.ची वाट बघत होतो.