आयेसाठी मऊ केलेली फटफटी

यशवंतच्या मुलीचा, संघमित्राचा, फोन आला तेव्हा मी भोईवाड्याच्या आमच्या खोलीत दाढी करत होतो. "काका, बाबा गेले... सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." अर्धी दाढी तशीच ठेवून मी खाटेवर बसून राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला. नायगावात पुण्यानुमोदनाच्या सभेला लोक त्याच्याबद्दल भरभरून बोलले. कामगारांसाठी झटला, संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेला, तिन्ही मुलींना शिकवलं. सगळं खरं. फटफटीचं मात्र कुणी काढलं नाही, कारण ते डोळ्यांनी पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही दोघं बस दुरुस्तीच्या कारखान्यात होतो. तो फिटर, मी लेथवर. ते दिवस असे होते की परळ-लालबागच्या एकेका भिंतीवर घोषणा, डिलाईल रोडवरून रोज एखादा मोर्चा, आणि बंद पुकारला की गिरण्यांचे भोंगेसुद्धा गप्प. अशाच दिवसांत यशवंतनं कुर्ल्याच्या भंगारातून लष्कराची एक जुनी फटफटी आणली. लहानशी, हलकी, जमिनीपासून उंच. रानावनातून, दगडधोंड्यांतून पळवायला बनवलेली. पुढच्या चाकाला स्प्रिंग होती, मागचं चाक मात्र थेट सांगाड्यालाच आवळलेलं. दगडावरून गेली की दगड सरळ माकडहाडात शिरायचा. मी एकदा मागे बसून नायगावहून दादरपर्यंत गेलो आणि परत चालत आलो. "यशा, ही गाडी माणसांसाठी नाही रे," मी म्हटलं. तो म्हणाला, "ही आयेसाठी आहे."

आये म्हणजे त्याची आई. मीही तिला आयेच म्हणायचो. गिरणीच्या जिन्यावरून पडल्यापासून तिची कंबर कायमची दुखावली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, गचके बसता कामा नयेत. महाडच्या वर डोंगरातल्या एका वाडीत तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. दोघींची कितीतरी वर्षांत गाठ नव्हती. बस खालच्या रस्त्यापर्यंत जायची. पुढे नुसती दगडांची चढण. बैलगाडीनं जावं तर कंबर उरली नसती. डोली मिळायची, पण डोलीवाले महारवाड्यातल्या बाईला खांद्यावर घेत नसत. यशवंतच्या घरानं नुकताच धम्म स्वीकारला होता, डोलीवाल्यांच्या लेखी त्यानं काही फरक पडला नव्हता. त्यावर यशवंत कधी तावातावानं बोलला नाही. फक्त म्हणाला, "खांदा नको कुणाचा. मागं स्प्रिंग बसवू."

बंदच्या एका दिवशी चाळीच्या पटांगणात त्यानं सांगाड्याची मागची बाजू करवतीनं कापली. चालती गाडी कापायची म्हणजे काय! त्या जागी त्यानं वरखाली हलणारा काटा बसवला, तो ज्यात फिरतो ते बुश मी लेथवर काढून दिलं. काट्याच्या दोन्ही बाजूंना भंगारातल्या दोन स्प्रिंगा उभ्या केल्या. गाडी तयार झाली म्हणून आम्ही खुशीत, तोवर आयेनं पदर खोचला. "मी बसून बघते." तो नको नको म्हणत असताना ती मागं बसलीच, आणि त्याला गाडी काढावी लागली. पटांगणातल्या पहिल्याच खड्ड्यात मागची बाजू दबली, आणि मग जी उसळली ती उसळतच राहिली. आये उतरली ती कमरेवर हात ठेवून. "यशवंता, ही गाडी हाय का उखळ?" हसली, पण पुढं तीन दिवस तिला उठता आलं नाही. यशवंत त्या दिवसांत जेवला की नाही कुणास ठाऊक. मला म्हणाला, "चूक कळली. स्प्रिंग घेते ते सगळं परत फेकते. तिला आवरणारं पाहिजे." आवरणारं म्हणजे शॉकअप, आत तेल भरलेला नळा. तेल बारक्या भोकातून जातं, त्यामुळं दबलेली स्प्रिंग हळू वर येते. तो म्हणायचा, "स्प्रिंग रागावते सदा, आणि तेल तिची समजूत काढतं."

शॉकअप शोधायच्या आतच तो मोर्चात पकडला गेला. गाडी मागचं चाक काढून जिन्याखाली पडलेली, आणि वाडीहून सांगावा आला की मावशीचं आता खरं नाही. मी तुरुंगात भेटायला गेलो. मनगट सुजलेलं, ओठ फुटलेला. मला वाटलं घरचं विचारेल. गजांना तोंड लावून म्हणतो कसा, "शॉकअप मिळाले का रे?" मी हो म्हटलं तेव्हा त्याचे डोळे असे लकाकले... एका मोडक्या विलायती मोटरसायकलचे दोन शॉकअप मला खरंच मिळाले होते, एक गळका, एक धड. गळका मी उघडून नीट करून ठेवला. तो सुटून आला आणि घरात शिरण्याआधी जिन्याखाली वाकला. आये वरून ओरडली, "आधी मला तोंड तरी दाखीव, मेल्या!"

आता अडचण वेगळीच निघाली. आये एवढीशी, काडीसारखी. तिच्या वजनाला त्या विलायती शॉकअपच्या स्प्रिंगा दबतच नव्हत्या. मऊ स्प्रिंग करून घ्यायची तर वजन कळायला हवं, म्हणून यशवंत तिला रेशनच्या दुकानात घेऊन गेला आणि धान्याच्या काट्यावर उभं केलं. दुकानदार म्हणाला, "काय यशवंत, आईला विकतोस काय?" आये काट्यावरूनच कडाडली, "मला घेणारा जन्माला यायचाय अजून!" रांगेतल्या बायका हसून हसून बेजार. लालबागच्या एका कारागिरानं त्या मापाच्या स्प्रिंगा वळून दिल्या. परळच्या फरसबंदीवरून, ट्रामच्या रुळांवरून यशवंतनं तिला फिरवून आणलं. उतरल्यावर तिनं आधी कंबर चाचपली. मग म्हणाली, "पोटातलं पाणी हाललं नाय रं."

आये आणि मी बसनं गेलो, यशवंत गाडीवर. खालच्या रस्त्यावर ती त्याच्या मागे बसली आणि चढण सुरू झाली. मी मागून धावत, घसरत, जिथं चाक अडेल तिथं ढकलत. दगडावर चाक चढायचं, काटा वर यायचा, आये मात्र देवघरात बसल्यासारखी स्थिर. वाडीत पोचलो तेव्हा मावशी जिवंत होती. दोघी बहिणी एकमेकींचे हात चाचपत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी उठून बसली. पेज प्याली. आणि म्हणाली, "मला बसीव त्या गाडीवर. वरच्या आळीतून ने." आये घाबरली. त्या सवर्णांच्या आळीतून महारवाड्यातल्या नवऱ्या मुलाची वरात कधी गेली नव्हती, जाऊ दिली नव्हती. यशवंतनं गाडी काढली. मावशीला मागं बसवलं, लुगड्यानं तिला स्वतःच्या कमरेशी बांधलं. मी मावशीच्या पाठीला हात लावून बाजूनं चालत होतो. आळीत फटफटीचा आवाज घुमला, माणसं ओट्यांवर उभी राहिली. एक म्हातारा वाटेत आला. "कोण रं तू?" यशवंत थांबला, इंजिन चालूच. "हिचा भाचा. मुंबईचा. मावशीला फिरवतोय." म्हाताऱ्यानं वाटेत बांधलेली म्हैस सोडली आणि ओढून बाजूला घेतली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. गाडी देवळापर्यंत गेली, वळली आणि परत आली. मावशीला खाली उतरवल्यावर यशवंत घरामागं गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मावशी त्यानंतर दोन पावसाळे जगली.

पुढं यशवंतनं अनेक गाड्या दुरुस्त केल्या. म्हातारपणी हात थरथरू लागले तरी एक खोड राहिली. रस्त्यात उभी असलेली कुणाचीही मोटरसायकल दिसली की मागच्या सीटवर तळवा ठेवून दाबायची आणि ती कशी वर येते ते बघायचं. मी ओरडायचो, "लोक चोर समजतील रे." परवा मी औषधं घेऊन येत होतो. कोर्टाजवळ एक गाडी उभी होती, आणि माझाच हात तिच्या सीटवर गेला. दाबली. फारशी दबलीच नाही. मागून आवाज आला, "काय झालं आजोबा?" गाडी एका मुलीची होती, हेल्मेट हातात घेऊन उभी. मी ओशाळलो. म्हटलं, "मागचं कडक आहे गं. कोण बसतं मागे?"

"आई."

"मग मागची स्प्रिंग एक घर सैल कर."

तिनं हेल्मेट खाली ठेवलं, पदपथावर गुडघे टेकले आणि विचारलं, "कुठून करायचं? दाखवा ना."