कव्हरावरचा ठ

मराठी ग्रंथव्यवहाराला वळण लावणारी माणसे शतकात एखाददुसरीच जन्माला येतात आणि त्यांतले एक माझे मामेसासरे आहेत. हे मत प्रथम त्यांनीच मांडले. त्यांनी आजवर एकच पुस्तक काढले आहे, तेही स्वतःच, आणि त्याच्या कव्हरावर चूक होती. तरी ते मत बदलावे असे मला अजून वाटलेले नाही.

मामांचे आयुष्य भिवंडीत कापड तपासण्यात गेले. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर ओढायचा, कुठे तार तुटली, कुठे तेलाचा डाग पडला ते हेरायचे आणि खोट दिसली की त्या जागी किनारीला लाल दोरा बांधायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची ड्युटी; त्यावरून गाव त्यांना मास्तर म्हणते. मामा निवृत्त झाले, नजर झाली नाही. एका सत्कारात खांद्यावर पडलेली शाल त्यांनी तिथेच उजेडात धरली आणि प्रमुख पाहुण्यांना शांतपणे म्हणाले, "साहेब, ही बदलून घ्या. हितं तार सुटलीय." पाहुणे तेव्हा संस्कृतीच्या महावस्त्राबद्दल बोलत होते.

मी माझ्या निबंधांचे पुस्तक स्वतःच काढायचे ठरवले तेव्हा बायको म्हणाली, "आधी मामांना दाखवा." मी प्रुफांचा गठ्ठा भिवंडीजवळ अंजूरला त्यांच्याकडे ठेवून आलो. आठवड्याने आणायला गेलो तर पानांच्या कडेला लाल दोरे लोंबत होते. सुईने ओवलेले. चोविसाव्या पानाला तर झालरच होती.

"मामा, पेनाने खूण केली असती तरी चाललं असतं."

"पेन नजरंतून सुटतं, जावय. दोरा हाताला लागतो."

आणि मग सल्ले सुरू झाले. प्रूफ शेवटच्या पानापासून उलटे वाचायचे, कारण पुढून वाचले की माणूस मजकुरात गुंततो आणि चूक निसटते. लेखकाने स्वतःचे प्रूफ एकट्याने तपासायचे नाही, "ज्यानं विणलं त्यानं चेक करायचं न्हाय." आधी कव्हराविना दहाच प्रती काढायच्या, त्या दहा जणांना द्यायच्या आणि आठ दिवसांनी पुस्तक कुठल्या पानाशी बंद पडले आहे ते त्यांच्या घरी जाऊन बघायचे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेले असावे, या त्यांच्या अटीमुळे माझे पुस्तक प्रस्तावनेविना निघाले. मलपृष्ठावर मी 'मानवी जीवनाचा सखोल वेध' असे लिहिले होते. मामांनी चष्मा वर केला. "कोणाच्या जीवनाचा? त्याचं नाव सांगा." ती ओळ गेली.

हे सगळे त्यांनी स्वतःच्या पुस्तकावर आधी करून पाहिले होते. अंजूरच्या खाडीकडच्या शेतांना नावे होती: बेडूकखाचर, म्हातारीचा तुकडा, सातबांधी, उंबराखालची. शेतांवर गोदामे उठली आणि तिथे आता गाळा सी-चार असतो. मामांनी सहा वर्षे फिरून ही नावे गोळा केली. एका शेताला एक पान: नाव कसे पडले, कोण कसत होते, कुठला भात व्हायचा, बांधावर काय होते. "नावं सांगणारे म्हातारे एकेक चाललेत," ते म्हणायचे. "मी गेल्यावर कोणाला इचारनार? ज्याचं शेत त्यानं पान वाचलं पायजे, बस." पुस्तकाचे नाव ठेवले 'आमचे शेत'. तीन वेळा उलटे वाचून झाले. आत एक वेलांटी चुकलेली नव्हती.

तीनशे प्रती आल्या त्या दिवशी मी तिथे होतो. गठ्ठा सोडला. कव्हरावर ठळक अक्षरांत छापले होते: 'आमचे शेठ'.

"मामा, कव्हर तपासलं नाही?"

मामांनी त्या ठवरून बोट फिरवले. "आमी कापड तपासतो," ते म्हणाले. "वर गुंडाललेलं बारदान कोन तपासतो?"

आमच्या त्या पट्ट्यात दर दुसऱ्या घरात एक शेठ आहे. दुपारपर्यंत बातमी पसरली आणि प्रत्येकाला हा आपलाच गौरवग्रंथ वाटला. एकाने फोन करून फोटो रंगीत आहे ना, एवढेच विचारले. सगळ्यात मोठे शेठ, ज्यांच्या जमिनीवर आता चार गोदामे आहेत, ते पांढऱ्या गाडीतून स्वतःच आले.

"मास्तर, आमच्यावर बूक काढलंत आन आमालाच सांगितलं न्हाय?"

"तुमच्यावर न्हाय शेठ. छापणाऱ्यानं घोटाला केला. शेत हाय ते."

"असूं दे. नाव झकास हाय. वाढदिवसाला सगली बुकं घेतो, शालीबरोबर एकेक वाटतो. तुमचं काम झालं."

मी मामांकडे पाहिले. अख्खी आवृत्ती एका दुपारी संपत असताना नाही म्हणणारा लेखक माझ्या माहितीत नाही, आणि मी स्वतःला बऱ्यापैकी ओळखतो.

"वाटलेलं बूक शोकेसमधी जातं, शेठ. मला ते वाचायला पायजे."

"शेतांची नावं कोन वाचनार, मास्तर?"

"पान सत्तावीस उघडा."

शेठनी उभ्या उभ्या उघडले. बेडूकखाचर. त्यांनी गॉगल काढून पुन्हा वाचले. "हितं मी बुडालो व्हतो," ते म्हणाले, "ल्हान असताना."

"लिवलंय. खालून तिसरी ओल. बुडनाऱ्याचं नाव घातलं न्हाय."

शेठ एकच प्रत घेऊन गेले. गाडी वळेपर्यंत ती त्यांच्या हातात उघडी होती.

त्यानंतर मामांनी 'त'च्या दोनशे नव्याण्णव बारीक चिठ्ठ्या कापल्या आणि एकेक ठवर चिकटवल्या. प्रकाशन समारंभ केला नाही; त्यात फायदा माईकवाल्याचा, असे त्यांचे मत. पिशवी घेऊन ते घरोघर फिरले. दारात पुस्तकाचे नावही काढायचे नाहीत. एवढेच म्हणायचे, "तुमचं पान चव्वेचालीस." पुस्तकाच्या प्रसाराचा यापेक्षा चांगला सल्ला मला कुणी दिलेला नाही. माझे निबंध काळ आणि एकांत यांवर असल्याने मला तो वापरता आला नाही.

काल्हेरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी त्यांच्याबरोबर होतो. एका वृद्ध बाईंनी मुलाकडून आपले पान वाचून घेतले आणि म्हणाल्या, "दोन आंबे न्हाय, तीन व्हते." मामांनी खिशातून सुई काढून तिथे दोरा ओवला. बाईंनी मुलाला पान पुन्हा वाचायला लावले, आणि तिसऱ्या आंब्यापाशी हात वर करून थांबवले.

परतताना रिक्षात मी विचारले, "मामा, तुमचं पान कितवं?"

"आमचं न्हाय," ते म्हणाले. "बापूस लोकांच्या शेतांत राबायचा. रोज येगलं शेत, म्हनून तं सगली नावं म्हाईत."

रस्त्यात कंटेनर अडकले होते. मामा बाहेर गोदामांकडे बघत एकेक नाव पुटपुटत होते.

अंजुरात मामांच्या नावावर एक गुंठाही नाही. ते राहतात ती खोली भाड्याची आहे, त्या शेठच्याच चाळीत.