जावयाचा डंपर

राजुरीजवळच्या मोठ्या दगडखाणीत मी शिफ्ट सुपरवायझर होतो. खाणीचं काम सुधारायला पुण्याहून नवे साहेब आले. पोकलेनपाशी भर उन्हात उभं राहून त्यांनी एकच विचारलं, "मागून आलेला डंपर आधी का भरता?"

पोकलेनवाला म्हणाला, "साहेब, ते गावचं जावई हायेत. पावण्याला ताटकळत ठेवायचं व्हय?"

आमच्याकडे गावची लेक ती सगळ्यांची लेक, म्हणून जावईही सगळ्यांचा. आणि खाणीवर डंपर चालवणारे जावई काही कमी नव्हते. एखादा आला की त्याला वाट द्यायला अरुंद रस्त्यावर बाकीचे डंपर मागेपुढे करत बसायचे, डिझेल जळायचं आणि खाली क्रशर रिकामा फिरायचा. साहेबांनी नियम केला, आधी येईल त्याचा डंपर आधी भरायचा. मलाही तो मनापासून पटला. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग मोडून पुढे आले ते नेमके माझेच दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, तो माझ्याच राशीला यायचा होता. म्हटलं, "दाजी, आजपासून रांगेनं या." अगदी आर्जवानं म्हटलं.

दाजींनी डंपर रस्त्यात आडवा लावला आणि किल्ली खिशात घातली. "सासरच्या गावात आमाला मान न्हाई ना? मग तुमची बहीण आमच्या घरात कशाला ठिवू? उद्या आणून सोडतो."

खाण ठप्प झाली. मी विनवलं, साहेबांनी दम देऊन पाहिला. दाजी दगडावर बसून तंबाखू मळत राहिले. कुणीतरी मोटारसायकल घेऊन आमच्या रानात गेलं आणि कांद्याच्या वाफ्यातून वडिलांना उचलून घेऊन आलं. पायाला चिखल तसाच. टोपी नीट करत ते माझ्यासमोरून पुढे गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी दाजींना हात जोडले.

"पावणं, पोराचं चुकलं. गाडी काढा. पर लेकीला काय बोलू नका."

मला लाज वाटली. आधी वडिलांचीच वाटली, साहेबांसमोर असे वाकून उभे राहिले म्हणून. मग त्यांची लाज वाटली याची वाटली, आणि ती आजही जात नाही. माझं काहीही चुकलं नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

दाजी उठले, डंपर मागे घेऊन रांगेत लावला. साहेब खूश झाले, "शाब्बास" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वडील तेव्हा जवळच उभे होते.

संध्याकाळी आईनं त्यांना विचारलं, "सकाळी रान सोडून कुठं गेला व्हता?"

"पोराच्या खाणीवर. पावणं भेटलं, लेक खुशाल हाय." वडील पाय धूत होते, वर न बघता म्हणाले, "लई मोठं काम हाय गं आपल्या पोराचं. साहेब सुदिक शाब्बास म्हणत व्हता."