देसायाच्या विमानाचं वजन

सोजराबाईला कुणी 'देसायाला पळू देणारी' म्हटलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणणारे कोण, तर ज्यांचे बाप-आजे त्या दिवशी देसाई उडून गेल्यावर कुऱ्हाडी घेऊन माळावर पोचले ते! बोलणाऱ्याचं काय, जिभेला हाड नसतं. मी हेमावती. औरादेकडच्या शाळांत सारी उमर पोरांना पाढे शिकवले, आता घरी बसून आहे. मला सोजरामायनं वाढवलं. तेव्हा तिचं मीच सांगणार, आणि घडलं तसंच सांगणार.

सोजरामाय जनवाड्याची लेक. लग्न होऊन देसायाच्या गढीखालच्या वाडीत आली. नवरा पटकीत गेला, मागं राघोबा एवढा एकच पोरगा. देसायाच्या कोठारात ज्वारीचा मोठा काटा होता, त्यावर ती राबायची. वजनं उचलून उचलून तिचे दंड गड्यासारखे झाले होते, आणि तोंड तर त्याहून तिखट. मुकादम म्हणायचा, "सोजरा, जरा गोड बोलत जा की." तर ही म्हणायची, "गोड बोलाय गूळ खावा लागतंय. तुझ्या सरकारनं कवा चारलाय आमाला?"

सरकार म्हणजे जगदेवराव देसाई. हैद्राबादच्या दरबारात वाकून वाकून सलाम करायचा आणि गढीवर आला की ती सगळी कसर आमच्या पाठीवर काढायचा. माझी आई निलम्मा त्याच्या गढीत राहायची. लग्नाची नव्हे, ठेवलेली. मी त्याची लेक, हे गढीतल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. त्यानं मात्र मला कधी नावानं हाक मारली नाही.

मोठी लढाई संपली आणि फौजेची जुनी विमानं लिलावात निघाली. देसायाला खूळ लागलं, आपलंही विमान पाहिजे. हैद्राबादेहून अच्युतराव नावाचा पायलट आणला, लढाईत उडवून आलेला, चष्मेवाला, भला माणूस. पण भित्रा. लिलावात दोन इंजिनांची दोन विमानं होती. एकाची इंजिनं मोठी, पण ती पेट्रोल फार पीत आणि माणसं कमी बसत. दुसऱ्याची लहान, त्यात खुर्च्या जास्ती.

"सरकार, मोठ्या इंजिनांचं घ्या," अच्युतराव म्हणाले.

"कामून? दोन ते दोनच की. एक मेलं तर एक हायच."

"एक असून भागत नाही, सरकार. गाडीचा एक बैल बसला तर दुसऱ्याला एकट्याला गाडी ओढता आली पाहिजे. हे बैल बारके आहेत. भरल्या गाडीला एकटा पुरायचा नाही."

देसाई हसला आणि त्यानं बारक्या इंजिनांचंच विमान घेतलं. त्याला मिरवायला खुर्च्या पाहिजे होत्या. मग अच्युतरावांनी एक गोष्ट मात्र हट्टानं कबूल करून घेतली. खुर्च्या किती रिकाम्या आहेत ते बघायचं नाही, ओझं किती आहे ते बघायचं. उडायच्या आधी माणूस न् माणूस तोलायचा. जड माणूस पंखांजवळ, हलका मागं, आणि शेपटीत सामान कोंबायचं नाही.

पण गढीतल्या बायका पडल्या गोषातल्या. परक्या पुरुषानं त्यांच्याकडं बघायचंसुद्धा नाही, मग त्यांना काट्यावर बसवणार कोण? शिवाय बाईचं वजन मोठ्यानं बोललं तर नजर लागते. म्हणून कोठारातला काटा माळावर आणला, त्याला चारी बाजूंनी पडदा लावला आणि आत सोजरामायला बसवलं. एकेकीला ती पारड्यात बसवायची, आणि सगळ्यांची मिळून बेरीज तेवढी बाहेर येऊन पायलटच्या कानात सांगायची. ती पुन्हा तपासायची कुणाची टाप नव्हती. देसायाचं विमान तिच्या शब्दावर उडायचं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात वाडीनं देसायाला ज्वारी द्यायचं नाकारलं. पोरांनी मारुतीच्या देवळावर तिरंगा लावला. त्यात राघोबा पुढं. मग देसाई आपले बंदूकवाले घेऊन वाडीवर आला. आधी कडब्याच्या गंजी पेटवल्या, मग घरं. पळणाऱ्यांना घोड्यांखाली घातलं. राघोबाला देवळापुढच्या लिंबाला बांधलं आणि देसायानं स्वतः त्याच्या पोटात गोळी घातली. मुद्दाम पोटात. पोरगा लवकर मेला नाही. पाणी पाणी करत होता. सोजरामाय ओंजळीत पाणी घेऊन धावली, तर त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं तिचे हात खाली पाडले. तिनं पुन्हा पाणी आणलं, त्यांनी पुन्हा पाडलं. शेवटी तिनं पदर भिजवून पोराच्या ओठांवर पिळला, तेव्हा तो गेलेला होता.

आणि मेल्या देसायाची हिंमत बघा! दिवस घालायच्या आत तिला काट्यावर बोलावणं आलं. तो कोणाची आई मारून आला, कोणाचा पोर मारून आला, हे त्याच्या ध्यानातसुद्धा राहत नसे. सोजरामाय गेली. वाडीतल्या बाया तिच्या दारात थुंकल्या. तिच्या लुगड्याच्या ओच्यात विळा होता, ते त्यांना काय माहीत!

"तेला जवळून गाठायचं व्हतं मला," ती पुढं मला सांगायची. "लांबून कसं कापावं?"

पण देसायाच्या भोवती चोवीस तास बंदुका. तो विमानात चढताना तर जास्तच. सोजरामाय पडद्याआड बसायची, तोलायची, बेरीज सांगायची आणि विळा घेऊन घरी यायची.

भादव्यात भारताची फौज सोलापूरकडून निघाली. माळावर कान दिला की तोफा ऐकू यायच्या. त्या सकाळी उठून बघतात तो देसायाचे बंदूकवाले बंदुकांसकट पसार! खायला सगळे, राखायला कोण? देसायानं अच्युतरावांना पिस्तूल दाखवून विमान बाहेर काढायला लावलं. जाणारे पाच. तो, त्याचा मोठा पोरगा, त्याची आजारी बायको म्हणजे बाईसाहेब, त्यांच्या उशापायथ्याला माझी आई, आणि आईला चिकटलेली मी. आणि लोखंडी पेट्या. त्या त्यानं आधीच शेपटीत चढवल्या होत्या.

सोजरामायनं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. आज बेरीज खोटी, कमी करून सांगायची. माळाच्या टोकाला खोल दरी. ओझं जास्त झालं की ती बारकी इंजिनं वेळेत उचलणार नाहीत, विमान सरळ दरीत जाईल. विळा काढायचीसुद्धा गरज नव्हती. पोराचा खुनी आपल्या पायानं मरणात जाऊन बसणार होता.

मग पडद्याआड आम्ही आलो. बाईसाहेब तोलून झाल्या आणि विमानाकडं गेल्या. आईची पाळी आली तशी सोजरामायनं तिचं मनगट धरलं.

"निलम्मा, तू चढू नको."

"का गं अक्का?"

"कामून इचारू नको. पोरीला घे आन् पळ."

आई रडायलाच लागली. "कुठं पळू अक्का? वाडीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन यायलीत. त्यांना मी कोण? देसायाची ठेवलेली. आणि ही देसायाची अवलाद. आमचे तुकडे करतील. तू काही बोल, मी जाणार."

सोजरामायनं तिचं मनगट सोडलं. तिनं आईला तोललं. मग मला उचलून पारड्यात ठेवलं. मला ताप होता, पारडं हललं तशी मी घाबरले आणि तिच्या गळ्याला मिठी मारली. ती मिठी तिनं सोडवली, मला नीट बसवलं आणि मी पडू नये म्हणून तोलून होईस्तोवर माझा पाय धरून ठेवला.  

ती बाहेर गेली. अच्युतरावांच्या कानाशी गेली आणि खरी बेरीज सांगितली. वर मोठ्यानं म्हणाली, "पायलटसाब, लई जड हाय. ह्येवढं घेऊन उठायचं न्हाई."

अच्युतरावांचं तोंड पांढरं पडलं. "सरकार, पेट्या उतरवा. सगळी माणसं जातील, पण पेट्या नाहीत."

"पेट्या उतरायच्या न्हाईत."

"मग आपण दरीत जाऊ, सरकार. मी आईची शपथ घेऊन सांगतो."

देसायानं एकदा पेट्यांकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. विचार करायला त्याला वेळ लागला नाही. अच्युतरावांना पिस्तुलानं ढोसून पुढं बसवलं, इंजिनं चालू करायला लावली. मी आणि आई तोवर दारात चढलो होतो. त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि गोणी फेकावी तसं मला बाहेर फेकलं. माझा डावा हात कोपरात मोडला, तो आजही सरळ होत नाही. आईनं दाराची चौकट धरली. "सरकार, पोरीला तरी घ्या! तुमचीच हाय!" असं ती ओरडली. बाईसाहेबांसमोर, पोरासमोर. देसायानं पिस्तुलाच्या दस्त्यानं तिची बोटं ठेचली. तरी तिनं सोडलं नाही, तेव्हा तोच दस्ता कपाळावर घातला. एकदा, मग पुन्हा. आई मागच्या मागं पडली ती डोळे उघडे ठेवूनच.

सोजरामाय विळा काढून दाराशी पोचली होती. देसाई शिडी आत ओढायला वाकलेला, पिस्तूल बाजूला ठेवलेलं, मान अगदी तिच्या हाताशी. जी घडी यावी म्हणून तिनं उन्हाळ्यापासून त्याचं मीठ गिळलं होतं ती आली होती.

आणि मी पळाले. मला आई दिसेना, रक्तच दिसायला लागलं. अच्युतकाका मला पेपरमिंट द्यायचे, तेवढंच डोक्यात. त्यांच्या खिडकीकडं मी पुढच्या बाजूनं धावत सुटले. इंजिनाचा पंखा इतका गरगर फिरत होता की दिसतच नव्हता. मी सरळ त्यात जात होते.

सोजरामायनं विळा टाकला. ती विमानाच्या पंखाखालून वाकून आली आणि माझ्या परकराला धरून मला मागं खेचलं. माझी वेणी पंख्यानं कापून नेली. आम्ही दोघी लाल मातीत आपटलो आणि आमच्या अंगावरून धुरळा उडवत विमान पुढं गेलं.

चांगलं उठलं मेलं. दरीच्या अलीकडंच उठलं. मग एकदम खोकल्यासारखा आवाज आला, काळा धूर निघाला आणि एक पंखा थांबला. थांबलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. सोजरामाय मला काखेत धरून उभी राहिली आणि ओरडायला लागली, "पड! पड रे मुडद्या! पड!" बेंबीच्या देठापासून. विमान खाली खाली गेलं, दरीत दिसेनासं झालं. आणि मग पलीकडच्या अंगानं झाडांच्या शेंड्यांवरून, रखडत रखडत, निघून गेलं. मला आणि आईला उतरवल्यामुळं तेवढं हलकं झालं होतं, म्हणून त्या एका इंजिनानं ते नेलं.

थोड्या वेळानं वाडीची माणसं आली. कोठार फोडलं, गढी पेटवली, पण देसाई कुठं होता? मग सगळे सोजरामायवर उलटले. काटा तुझ्या हातात व्हता, खोटं कामून सांगितलं न्हाईस? ह्यो मातीत पडलेला विळा तुझाच न्हवं, टाकलास कामून? तिच्या चुलत दिरानं, अंकुशरावानं, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, तिच्या उजव्या हाताची बोटं ठेचली. पुन्हा काटा धरू नये म्हणून. कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं, "ही देसायाची अवलाद, हिला टाका गढीतल्या आगीत." तेव्हा सोजरामाय माझ्या अंगावर पालथी पडली. त्यांनी तिला लाथांनी तुडवलं, काठ्यांनी झोडपलं, तिच्या दोन फासळ्या मोडल्या. तिनं मला सोडलं नाही. शेवटी मारून मारून तेच दमले आणि लुटीकडं गेले.

आईला आम्ही दोघींनी पुरलं. सोजरामायचा उजवा हात ठेचलेला, माझा डावा मोडलेला.

देसाई पुढं लांबच्या एका मोठ्या शहरात राहिला, नातवंडं खेळवली आणि अंथरुणात झोपेत मेला. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मी मास्तरीण झाले होते. मी घरी आले ती पेटलेलीच. सोजरामाय वाकड्या बोटांनी भाकरी थापत होती. मी तिला म्हटलं, "माय, मेला तो. गादीवर मेला. तू त्या दिवशी माझ्यामागं कशाला धावलीस? कापायचं होतंस की त्याला! तुला वाईट नाही वाटत?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"वाटतंय की," ती म्हणाली. "रोज वाटतंय. तुझं नाक तेच्यावानी हाय, तुझं हसणं तेच्यावानी हाय. तू सामनी आलीस की मला राघोबा पाणी मागताना दिसतोय. रोज सकाळी वाटतंय, कापाय पायजे व्हता." मग भाकरी उलटली आणि माझं ताट पुढं ओढलं. "बस आता, गार व्हईल."